अर्ध्यावर सोडलेलं पान

एका राज्यात सूर्य शेजारच्या सहा राज्यांच्या आधी उगवत असे. तिथला राजा दुर्गपाल. त्याने त्या सहा राजांशी संघ केला. सीमेवरची जकात उठली, सातांचं नाणं एक झालं, माप एक झालं. दुर्गपालाची मुलगी केतकी संघातल्याच मेघराजाकडे सून म्हणून गेली. व्यापार वाढला.

पण संघाचा नगाराही एकच होता. बाकीच्या सहा राज्यांत उजाडलं की तो वाजे. तो वाजल्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही, असा नियम. दुर्गपालाच्या राज्यात ऊन अंगणात यायचं आणि माणसं बंद दाराआड बसून राहायची. गुरं हंबरायची. राजाने दोनदा सांगून पाहिलं. सहा जणांनी माना डोलावल्या. बदललं काही नाही.

वर्षातून एकदा सातही राजे एका पंगतीत जेवत. वाढायला कालंभट नावाचा जादूगार असे. संघ त्यानेच जुळवला होता. त्या पंगतीत दुर्गपालाने पुन्हा नगाऱ्याची गोष्ट काढली. कोणीतरी हसलं. दुर्गपाल भरल्या पानावरून उठला. "मी संघात नाही," म्हणाला आणि निघाला.

कालंभट मागून म्हणाला, "संघ सोड. तो तुझा हक्क आहे. पण पंगत मोडलीस. आता तुझ्या राज्यात शिरायची वाट कोणाला सापडणार नाही."

राज्याभोवती धुकं उभं राहिलं. राजाने स्वतःचा नगारा बसवला. तो सूर्याबरोबर वाजू लागला. पण मिठाची गाडी आली नाही, पाहुणा आला नाही. बाजारात तीच माणसं त्याच माणसांना तेच विकू लागली. राजा गच्चीवर एकटा बसे.

एके दिवशी धुक्यावरून उडत एक धनेश पक्षी आला आणि कठड्यावर बसला.

"नगारा झकास वाजतो, राजा. ऐकायला कोण येतं?"

"काम बोल."

"केतकीची पालखी धुक्यात फिरते आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून निघाली. दिवस भरत आले. वाट सापडत नाही, परतीचीही नाही."

राजा उठला. "उपाय?"

"नागाच्या डोहातलं पाणी घे. दगडी राक्षसाच्या दाढेतलं मीठ घे. मग पंगतीला जा आणि पान संपव."

राजा धनेशामागून धुक्याबाहेर पडला. डोहात नाग होता. राजाने त्याच्या फण्याखाली तांब्या भरला. खांद्याला दंश झाला. राक्षस झोपला होता. राजा त्याच्या जबड्यात उतरला आणि मीठ खरवडून घेतलं. ही दोन कामं सोपी होती. पंगतीच्या दालनाच्या उंबऱ्याशी मात्र तो बराच वेळ थांबला.

आत सहा राजे बसलेलेच होते. एकाचं पान अपुरं, म्हणून कोणाला उठता येत नव्हतं. हात वाळलेले, दाढ्या मांडीवर आलेल्या.

"आलात? पाय आखडले आमचे," मेघराज म्हणाला.

"बसू का, व्याही?"

"जागा तुमचीच. दुसऱ्याला दिली नाही."

पानावरचा भात अजून वाफाळत होता. राजाने पानाभोवती पाणी फिरवलं, मीठ वाढून घेतलं आणि जेवू लागला. शेवटचा घासही त्याने संपवला.

"संघात परत येताय?" मेघराजाने विचारलं.

"नाही. उठायची परवानगी मागतो. त्या दिवशी मागितली नव्हती."

मेघराजाने साऱ्यांकडे पाहिलं. "सावकाश उठा," तो म्हणाला. सातही जण एकाच वेळी उठले.

धुकं विरलं. केतकी माहेरी पोहोचली. त्याच दिवशी तिला मुलगी झाली. सीमेवर जकातीचं नाकं बसलं, आणि गाड्याही येऊ लागल्या.

बाळ मान धरू लागलं, तशी केतकी सासरी निघाली. राजा नाक्यापर्यंत चालत गेला.

"बाबा, यंदा पंगतीला याल?"

"पंगत संघाची. मी संघाचा नाही."

"मग हिच्या उष्टावणाला? ते माझ्या घरचं."

"बोलावलंस तर."

"बोलावलं."

पालखी दिसेनाशी होईपर्यंत राजा उभा होता. मग एकटाच परत फिरला.

संघ सहांचा राहिला, सातवं राज्य वेगळं राहिलं. मधल्या वाटेवर गवत वाढलं नाही.