मापाऱ्याची शीग

फार पूर्वी मधुवटी नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजकोठारावर धान्य मोजणाऱ्या मापाऱ्याच्या कुळात जन्मले. शेतकऱ्यांकडून पायली शिगोशीग भरून घेत आणि मग फळी फिरवून ती सपाट करीत. सपाट पायली कोठाराची, वरची शीग मापाऱ्याची. हा हक्क सात पिढ्यांचा होता आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

त्या नगरात मूल जन्मले की थाळी वाजवीत. अमात्य पिंगिय यांनी त्या आवाजाची धास्तीच घेतली होती. माणूस वाईट नव्हता. लोकांच्या पोटाच्या काळजीने स्वतः मात्र धड जेवत नसे. "महाराज," ते म्हणत, "माणसं पंचवीस वर्षांत दुप्पट होतात. शेतं दुप्पट होत नाहीत. एक दिवस खाणारे पुढे जातील आणि धान्य मागे राहील."

अशात एक वर्ष दुष्काळाचे निघाले. पीक नऊ महिन्यांवर आणि कोठारात धान्य सात महिन्यांचे. राजा घाबरला. दवंडी पिटली गेली की पौर्णिमेपासून घरटी दोनच मुलांचे धान्य मिळेल.

त्या आठवड्यात चार बाया बाळंत झाल्या, पण थाळी एकाही घरात वाजली नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वसुला नावाची कुंभारीण तीन मुले घेऊन कोठारावर आली.

"मापारीदादा, तिसरं म्हणजे कोणतं?" तिने विचारले. "धाकटीला नुकते दात आलेत. मधला सारखा आजारी असतो. थोरला सगळ्यांत जास्त खातो. कुणाचं ताट उचलू, ते तुम्हीच सांगा."

बोधिसत्त्व फळी खाली ठेवून घरी गेले. अंगणात जमिनीखाली त्यांची अकरा पेवे होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिगेने गळ्यापर्यंत भरलेली. त्यांची नजर कुठे आहे हे बायकोने ओळखले.

"अहो, आपली मुलं दोनच आहेत," ती म्हणाली. "आपल्याला कुणी बोट लावणार नाही. पेवं रिकामी केलीत आणि पुढच्या वर्षीही पाऊस पडला नाही, तर?"

"तर आपणही रांगेत उभं राहू," ते म्हणाले. भीती त्यांनाही वाटत होतीच.

त्याच दुपारी ते दरबारात गेले. "महाराज, अमात्यांचं गणित चुकलेलं नाही. फक्त त्यात माझी पेवं धरलेली नाहीत. अडीच महिन्यांचं धान्य आहे. ते घ्या आणि दवंडी मागे घ्या. यापुढची शीगही कोठारातच जाऊ द्या."

राजाने तिथल्या तिथे दवंडी मागे घेतली. पिंगियांना मात्र राहवले नाही. "आणि पंचवीस वर्षांनी?"

"तेव्हा पुन्हा मोजावं लागेल," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तोंडं मोजण्याआधी आमची अंगणं मोजा."

लोकांनी नऊ महिने जीव मुठीत धरून काढले. रोज कुणी ना कुणी कोठारात डोकावून जाई. तळ दिसू लागला त्याच आठवड्यात नवे धान्य आले. कुणाचे ताट उचलावे लागले नाही. त्या दिवशी नगरात थाळी वाजली. पिंगिय सवयीने दचकले, आणि मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

भिक्षूंना ही आपल्या पूर्वजन्माची कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, संघ वाढला, आता भिक्षा कशी पुरणार, म्हणून सकाळपासून पात्रं मोजत बसलेला हा उत्तिय तेव्हा पिंगिय होता. मापारी मी होतो. जे आपल्या हक्काचं, तेच भीत भीत का होईना सोडणं, ही दानपारमिता, म्हणजे दानाची पूर्णता. वसुलेची तिन्ही मुलं आज या सभेत बसली आहेत. त्यांतलं तिसरं कोणतं, ते मला आजही सांगता येणार नाही."