चोचीएवढी फट

त्या अरण्यात धनेश पक्ष्यांचा संसार एका फटीवर चाले. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत बसे, ढोलीचे तोंड मातीने लिंपून घेई आणि चोचीएवढी फट मोकळी ठेवी. नर बाहेरून त्या फटीतून फळे भरवी. पिल्ले मोठी होईपर्यंत मादी सर्वस्वी त्याच्या भरवशावर असे. यात भिण्यासारखे काही आहे, असे तिथे कुणाला वाटत नसे.

सावरी अशाच एका ढोलीत जन्मली. तिच्या बापाची चोच कधी फळ घेऊन आत येई, कधी नुसती टोचायला येई. काय येणार, हे आधी कळत नसे. ती रडली की आई दबक्या आवाजात म्हणे, "गप्प बस. त्यानं यायचं थांबवलं तर खायचं काय?" मग सावरीने रडणे सोडले. पोटात भूक असली तरी ती ढोलीच्या तळाशी अंग चोरून बसू लागली.

मोठेपणी तिला उंबऱ्या भेटला. तो शांत होता. त्याने पुढे केलेले फळ ती घेत नसे. तो ते फांदीवर ठेवून बाजूला सरके, मगच ती खाई. वसंत उलटून पुन्हा आला, तेव्हा कुठे ती त्याच्या चोचीतून घास घेऊ लागली. दोघांनी ढोली निवडली. सावरीने ती आतून लिंपली, अंडी घातली. बाहेर पंख वाजले की तिचे अंग आक्रसे, तरी ती पुढे होई.

एका वादळी दुपारी फांदी हलली, उंबऱ्याचा तोल गेला आणि त्याची चोच तिच्या डोळ्याखाली लागली.

"लागलं का गं? चुकून झालं," तो कळवळून म्हणाला.

"नाही लागलं." फटीपासून मागे सरत ती म्हणाली, "फळं पुरेत आता. मला माती आणून दे."

तिने आजवर त्याच्याकडे काही मागितले नव्हते. उंबऱ्या हरखला. वाऱ्याशी झगडत तो ओढ्यावर गेला आणि दिवस मावळेपर्यंत चिकण माती आणून फटीतून आत देत राहिला.

सकाळी तो पिकलेले उंबर घेऊन आला. त्याला फट सापडेना. त्याने चोचीने सगळी भिंत चाचपली.

"सावरी, मी आहे."

"माहीत आहे," आतून आवाज आला.

त्याने उंबर फटीच्या जागी टेकवून धरले. ते दबून फुटले आणि रस ओल्या मातीवरून खाली ओघळला. आतून लिंपण थापल्याचा आवाज येत राहिला.