पोवळीबाईची बिऱ्हाडं

समुद्रांना अजून नावं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट, बाळांनो. आणि मोठ्यांनीही कान द्या, तुमच्यासाठी तर जास्तच आहे.

उथळ पाण्यात एका खडकावर पोवळीबाई राहायची. जागचं हलता येत नसे, पण तिला कसली ददात नव्हती. तिच्या अंगात शेवाळाची इवलीइवली हजारो बिऱ्हाडं होती. ऊन खाली उतरलं की ती त्या उन्हावर रांधायची. दहा घास शिजले, तर नऊ मालकिणीला वाढायची नि एक आपण खायची. पोवळीबाईच्या अंगावरचा सोनेरी रंगसुद्धा त्यांचाच.

पुढे काठावरच्या राजाने भट्ट्या पेटवल्या. एकीच्या शंभर झाल्या. धुराने आभाळ कोंडलं, पाणी तापू लागलं. तापल्या पाण्यात रांधलेला घास विखारी होऊ लागला. पोवळीबाईच्या अंगाची नुसती लाहीलाही!

"मेल्यांनो, माझ्याच घरात राहून मला विष घालता?" ती कडाडली.

शेवाळातला म्हातारा काकुळतीला आला. "मालकीणबाई, रांधणारे आम्हीच, पण पाणी तापलंय. राजाला भट्ट्या विझवायला सांगा. आपण सगळे मिळून ओरडू."

"राजाला? मी सांगू? अरे, तो केवढा मोठा माणूस! तुम्हीच चालते व्हा."

वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! तीन दिवसांत तिने झाडून सगळ्यांना बाहेर काढलं. म्हातारा शेवटी निघाला. "बाई, उद्या जेवणार काय?" एवढंच त्याने विचारलं.

अंगाची आग थांबली. रंग उतरून पोवळीबाई पांढरीफटक पडली. शेजारच्या मासोळ्या धावत आल्या.

"अगंबाई, केवढी गोरीपान दिसतेस! बरं झालं, ब्याद गेली."

पोवळीबाई चक्क लाजली. पोटात मात्र खड्डा पडला होता.

आठवडे गेले. ऊन रोज उतरायचं, रांधायला कुणी नव्हतं. "या रे, परत या," ती हाका मारू लागली. ऐकणारं जवळ उरलं होतं कोण? पावसाळा येऊन पाणी जरा निवलं, तोवर ती भुकेने मेली होती. आणि त्या कौतुक करणाऱ्या मासोळ्या? दुसरा आसरा शोधायला केव्हाच पसार!

खडक ओस पडला. राजाच्या ताटात मासा येईना. राजा भडकला. भट्ट्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कोळ्यांना बोलावून त्याने चाबकाने फोडून काढलं आणि राज्याबाहेर हाकललं.

ध्यानात ठेवा: खरा दोष बघायची छाती नसली, की हात पोसणाऱ्याच्याच मानेवर पडतो.