हौसाक्काची मापांची वही

तासगावातल्या निम्म्या बायकांची मापं हौसाक्का शिंपिणीच्या वहीत होती. एक दिवस ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीचे साहेब कोट घालून दुकानात आले. म्हणाले, "नवीन मशीन देतो. वहीचे फोटो तेवढे काढू द्या."

माप द्यायला आलेल्या प्रमिलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्यांचा ब्लाऊज एका बाजूला कापूस भरून शिवावा लागे. ते हौसाक्का आणि तिची वही, दोघींनाच ठाऊक.

"मावशी, नावं खोडून टाकू," साहेब हसले. "मग उरतात नुसते आकडे. आकड्यांची कसली लाज?"

"खरं हाय." हौसाक्कानं गळ्यातली टेप काढून साहेबांच्या पोटाला गुंडाळली. "नाव घेत न्हाई, नुसता आकडा बाजारात वरडून सांगते."

साहेबांनी झटकन श्वास ओढून पोट आत घेतलं.

"आकडाच हाय न्हवं? मग अंग का चोरताय?"

टेपेतून सुटले ते साहेब थेट रस्त्यावर. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच प्रमिलाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

वही खणात सारून हौसाक्का शेजारी टेकली. "हसा बाई पोटभर. माप काय, नंतर बी घेऊ."