गुळवेल आणि गप्प बाभूळ

झाडं एकमेकांशी बोलायची त्या काळी एक गुळवेल झाडाझाडांवर आपले फाटे चढवून रानभर त्यांचे निरोप पोचवायची. तिच्या मुळाशी खारूताई दरवर्षी खत घालायची. वेल पसरली की तिची लाल फळं खारूताईला मिळायची होती.

यंदा तिला शंका आली. "नवी झाडं जोडतेस ना? नाहीतर माझं खत वाया."

"परवाच ओढ्यापलीकडचा साग जोडला," वेल तोऱ्यात म्हणाली. "जुनी तर आहेतच. विचार या बाभळीला."

बाभूळ हळूच म्हणाली, "दोन पावसाळे एकही निरोप आला नाही. मला वाटलं, रानात आता कुणी बोलतच नाही."

बाभळीवरचा फाटा केव्हाच वाळला होता. वेलीने पानं मिटून घेतली. खारूताईलाही मान वर करवेना. जुन्या झाडांचं तिने कधी विचारलंच नव्हतं.