हजर म्हणणारे दाणे

फार मागची गोष्ट. शाळेला घंटा नव्हती, तेव्हाची. सावली उंबऱ्याला टेकली की पोरं घरी सुटायची.

एका राजाला एकदा कळलं, की आपल्या राज्यातल्या पोरांना वाल ताटातला ठाऊक आहे, वेलावरचा नाही. पोरांचं सोडा, गुरुजींनाही नाही! त्याने हुकूम काढला, साऱ्या शिक्षकांनी महिनाभर रानाकडेच्या मळ्यात राहून बागकाम शिकावं.

त्यांत एक तरुण मास्तरीण होती. तिने तीन वर्षांच्या लेकीलाही बरोबर आणलं. लेक दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि वैद्याला रोग सापडत नव्हता. मळ्याची हवा तरी मानवेल, एवढीच आईची आशा.

मळा राखणाऱ्या म्हातारीने प्रत्येकाला एक वाफा आणि वालाचे अकरा दाणे दिले. म्हणाली, "पेरा, पाणी घाला, नि गप बसा. या मातीला कान आहेत."

सगळे हसले. मास्तरीण हसली नाही. तिला नेमकं गप बसणंच जमत नसे. आपण नीट पेरलं ना? फार खोल तर नाही गेलं? दुसऱ्या सकाळी राहवेना, तेव्हा तिला जे येत होतं तेच तिने केलं. वाफ्यापुढे उभं राहून हजेरी घेतली.

"पहिला?"

वारा थांबला. पाखरं गप्प झाली. मातीखालून बारीक आवाज आला, "हजर."

तिच्या अंगावर काटा आला. पण जीवही भांड्यात पडला. अकराच्या अकरा हजर निघाले!

मग ती सकाळ-संध्याकाळ हजेरी घेऊ लागली. शेजारच्या वाफ्याचे जाडे गुरुजी पाणी घालून आंब्याखाली ताणून देत.

"बाई, उद्या त्यांना पाढे म्हणायला लावाल," ते चिडवत.

"तुमचे जागेवर आहेत का, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" ती फणकारे.

आठव्या दिवशी गुरुजींचा वाफा हिरवा झाला. हिचा काळाच. आवाज मात्र रोज येत, रोज थोडे बारीक होऊन. बाराव्या दिवशी साऱ्यांचं मिळून एकच "हजर" आलं. ते तिच्या लेकीच्या आवाजात होतं.

तिने बोटांनी माती उकरली. दाणे फुटले होते. पण मुळं कुठेच नव्हती. प्रत्येक दाण्यातून इवलीशी, लालसर जीभ बाहेर आली होती.

तिची किंकाळी ऐकून म्हातारी आली. वाकून बघितलं.

"मूळ धरायचं बळ एवढंसं असतं. ते उत्तरं देण्यात गेलं," ती म्हणाली. "पोरी, आणखी कुणाची हजेरी घेतेस गं?"

मास्तरणीला लेक आठवली. दुपारी लेकीचा डोळा लागला की ती कानाशी वाकून विचारायची, "झोपलीस का गं?" आणि लेक डोळे उघडून शहाण्यासारखं म्हणायची, "हो आई, झोपले." घास तोंडात असतानाच, "जेवतेयस ना?" "हो आई."

"माझंच चुकलं का हो, आजी?"

"झालं! पुन्हा विचारतेसच!"

मास्तरीण आपल्या झोपडीकडे धावली. लेक चटईवर पडली होती, इतकी निपचित, की छाती हलतेय का तेही दिसेना. प्रश्न जिभेवर आला. आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि बसून राहिली. पोर हलली नाही. बाहेर मळाही श्वास रोखल्यासारखा गप्प होता. आई मनातल्या मनात शंभरदा विचारून चुकली, पण पदर तिने दातांतून सोडला नाही.

दिवस कलता कलता पोरीने कूस बदलली. आळस दिला.

"आई, मला भूक लागलीय."

कुणी न विचारता ती आपणहून बोललेली, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच.

महिना सरता सरता पोरीच्या गालांवर मांस चढलं. त्या वाफ्यात मात्र पुन्हा कधीच काही उगवलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ज्याला वाढू द्यायचं त्याला घडोघडी विचारू नये. सारखी उत्तरं देत बसणाऱ्याला मूळ धरायला सवड उरत नाही.