शास्त्रीबुवांची न भागणारी संख्या

"मला कोटीपर्यंतचे पाढे पाठ आहेत," गुणाबा न्हावी छाती फुगवून सांगायचा आणि लगेच म्हणायचा, "फक्त मधले तेवढे येत नाहीत."

वडाखालच्या ज्या ओट्यावर तो तीस वर्षं हजामती करत होता, तिथेच शास्त्रीबुवांना पाठशाळा काढायची होती. एके दिवशी त्यांनी एक ते नऊ अंक एकेकदाच घेऊन ओट्यावर कोळशाने लिहिले : ४८२७१५६९३.

"गुणाबा, एक ते नऊ अंक एकेकदाच घेतलेत. या संख्येला भागणारा आकडा अजून जन्मायचाय. भागून दाखव, नाहीतर ओटा सोड!"

गुणाबा पाठमोरा बसून वस्तऱ्याला धार लावत होता. "एक ते नऊ सगळे आलेत ना? मग नऊने भाग जातो."

शास्त्रीबुवांनी भागून पाहिलं. बाकी शून्य! घाम पुसत त्यांनी तेच अंक उलटसुलट मांडले. पुन्हा शून्य! गिऱ्हाइकं खिदळायला लागली.

"अरे, न बघता कसं सांगतोस?"

"अंकांची बेरीज पंचेचाळीस. तिला नऊने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येलाही जातो. बुवा, तुमची शेंडी उजवीकडं विंचरा नाहीतर डावीकडं, केस तेवढेच राहणार!"